माठातलं पाणी

खांडबाऱ्यात स्टेशनमागच्या गल्लीत कुणाच्याही घरी कपडे धुवायची पावडर संपली, तरी रिकामी पिशवी उकिरड्यावर जात नसे. ती रोहिणीकडे जायची. रोहिणी कात्रीने पिशवीचं पोट फाडायची, आतला भुगा फडक्याने पुसायची, कोपऱ्यात चिकटलेलं कुपन नखाने अलगद सोडवायची आणि "निघालं!" म्हणून अशी आरोळी ठोकायची, की समोरच्या भिकुबाईंची शेळी दावं तोडायला बघायची. चहाच्या पुड्याचं कुपन वेगळं, अंगाच्या साबणाचं वेगळं. पेपरातल्या कुपनाचं तर देवपूजेसारखं ठरलेलं. सकाळी न्हाव्याच्या दुकानात जायचं, कालचा पेपर मागायचा, चौकोन कापायचा, तक्त्यावर डिंकाने चिकटवायचा. तक्ता भरला की प्लॅस्टिकचा टब. असे चार टब तिच्या जिवावर गल्लीत आले होते, आणि त्यातल्या एकात भिकुबाईंचा नातू रोज सगळ्या गल्लीदेखत आंघोळ करायचा.

पोरगी नववीतली. गेल्या वर्षापर्यंत वर्गात हजेरी द्यायची तरी आवाज घशात अडकायचा. सर दोनदा नाव घ्यायचे आणि शेजारची रिना ओरडून सांगायची, "आलीये सर, आलीये!" आणि यंदा बघा! गॅदरिंगला हिने पिवळा ड्रेस घालून माइक हातात घेतला तो शेवटपर्यंत सोडला नाही. हेडमास्तरांच्या भाषणातसुद्धा मधे दोन वाक्यं बोलून घेतली. किराणावाल्याला ती तोंडावर सांगायची, "काका, या तेलावर साबण फुकट आहे, पाकिटावर लिहिलंय. साबण कुठेय?" आणि काका निमूटपणे फळीखालून साबण काढायचा.

हे सगळं तिला शिकवलं कुणी? आशामावशीने.

आशामावशी म्हणजे रोहिणीच्या आईची धाकटी बहीण. नवरा सुरतेला मिलमध्ये, सणावाराला उगवणारा. मावशी राहायची याच गल्लीच्या टोकाला. तिच्याकडे बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा होता, त्यात कुपनं जातवार लावून, रबर बांधून ठेवलेली. पण मावशीचं खरं नाव झालं होतं ते कापडात. नवापूरच्या बाजारात मावशीइतका भाव कुणी उतरवला नव्हता. कुणाचं लग्न निघो, बारसं निघो, साडीचोळी असो, लोक म्हणायचे, आशाबाईला घेऊन जा. मावशी पदर खोचून पॅसेंजरमध्ये बसायची आणि संध्याकाळी गाठोडी घेऊन लोक हसत उतरायचे.

रोहिणी नऊ वर्षांची होती तेव्हा मावशी तिला पहिल्यांदा घेऊन गेली. लाल फ्रॉक होता, कॉलरला पांढरी झालर. मावशीने भाव ऐकला, फ्रॉक मांजराचं पिल्लू उचलावं तसा दोन बोटांनी उचलला, खाली टाकला आणि म्हणाली, "रोहिणी, ऊठ. चाल." रोहिणीचे डोळे भरून आले. दारात जाऊन मावशीने एका चपलेत पाय घातला, आणि मागून हाक आली, "आशाबेन, अरे बसा तर खरं!" फ्रॉक निम्म्यात मिळाला. गाडीत मावशीने कानात सांगितलं, "देख वं पोरी. वस्तू आवडनी तरी तोंडवर दाखाडनं नही. चप्पलमा पाय घाला का भाव उतरस. पन एकच पाय घालना. दोन्ही घाला तर तो समजस, खरंच चालनी."

एकच पाय! रोहिणीने हे गणिताच्या सूत्रासारखं पाठ केलं होतं. आणि मावशीची दुसरी सवयही. कांतीलालशेठच्या दुकानात पांढऱ्या गादीवर बसलं की गिऱ्हाइकाला स्टीलच्या जगातून पाणी मिळायचं. मावशी ते हाताने बाजूला सारायची आणि ठसक्यात म्हणायची, "शेठ, भाव नंतर. पहिले माठनं पानी पाजा." मग शेठ आतल्या खोलीतल्या माठातून तांब्याभर पाणी मागवायचे. काय ती ऐट! राणी बसली आहे आणि दुकान तिच्या पाया पडतंय, असं रोहिणीला वाटायचं. आरशासमोर उभं राहून तिने ते वाक्य किती वेळा म्हणून बघितलं होतं.

होळीच्या पंधरा दिवस आधी रिना तिला म्हणाली, "आमच्या संध्याचं लग्न ठरलं. आई-बाबा ऊसतोडीवरून आले परवा. कपडे घ्यायचेत. आई म्हणते, तुझ्या मावशीला विचार."

मावशी त्या दिवशी कुणाबरोबर तरी नंदुरबारला गेलेली. रोहिणीने कमरेवर हात ठेवले. "मावशी कशाला? मी आहे ना!"

रिनाचं गाव डोंगराच्या अंगाला. तिची आई जमनाबाई त्याच दिवशी पहाटे निघून चालत, मग जीपने खांडबाऱ्याला आली होती. बाई सडपातळ, हात उसाच्या पात्याने चरे पडलेले. घरी त्यांची बोली वेगळी, रोहिणीशी मात्र ती जपून, शाळेतल्यासारखी मराठी बोलायची. "तू शिकलेली आहेस," ती म्हणाली, "मला दुकानात बोलायची लाज वाटते. तू बोल."

आणि रोहिणी बोलली! काय बोलली! नवापूरला कांतीलालशेठ दुकानात नव्हते, माल आणायला सुरतेला गेलेले. गादीवर त्यांची नवी सून नेहल बसलेली, लग्नाला चार महिने झालेली, हातात अजून कोपरापर्यंत चुडा. तिने हसून स्टीलचा जग पुढे केला. रोहिणीने तो हाताने बाजूला सारला.

"भाभी, भाव नंतर. पहिले माठातलं पाणी पाजा."

नेहलने एकदा तिच्याकडे नीट बघितलं. मग आत गेली आणि तांब्या घेऊन आली. पाणी गार, वाळ्याचा वास असलेलं. रोहिणीने तीन घोट घेतले, तोंड पुसलं आणि म्हणाली, "हं, दाखवा."

संध्याच्या रोजच्या साड्या घ्यायच्या होत्या, घरच्यांचे कपडे, आणि पाव्हण्यांना द्यायची लुगडी. लग्नाची साडी नंतर, पैसे जमले की. नेहल ठाण उलगडत गेली, भाव सांगत गेली, आणि रोहिणी नाक मुरडत गेली. "रंग जाईल हा." "काठ बघा, दोरे निघालेत." "भाभी, आम्ही रोजचं गिऱ्हाईक, आणि आम्हाला हा भाव?" रिना तोंड दाबून हसत होती. शेवटी रोहिणी उठली, दारात गेली आणि एका चपलेत पाय घातला.

"अरे बेन, बसा ना," नेहल म्हणाली.

रोहिणीच्या छातीत ढोल वाजायला लागले. तिच्यासाठी! कुणीतरी तिला, रोहिणीला, हाक मारून परत बोलावलं होतं! ती परत बसली, भाव जवळजवळ पाऊण झाला, जमनाबाईने कमरेची पिशवी सोडून पैसे दिले आणि आपल्या खरबरीत हाताने रोहिणीचा गाल कुरवाळला. "माझ्या पोटची असतीस तर," ती म्हणाली. रिना म्हणाली, "मी काय शेजारणीची आहे का?" तिघी हसल्या.

गाठोडं घेऊन मायलेकी पायरी उतरल्या, तोच नेहलने मागून हाक मारली. "ए बेन, एक मिनिट."

रोहिणी परत वळली. नेहलने गल्ल्यातून नोटा काढल्या, घडी घातली आणि तिच्या मुठीत सरकवल्या.

"हे काय?"

"तुमचं. आशाबेनचं जसं असतं तसंच काढलं. तुम्ही त्यांच्याच ना?"

"माझी मावशी."

"हां, तेच. माठाचं पाणी मागितलं तेव्हाच ओळखलं." नेहल मोकळेपणी बोलत होती, नव्या कामात आपली चूक झाली नाही याचा तिला आनंदच झाला होता. "पप्पांनी पहिल्याच दिवशी सांगितलेलं, माठाचं पाणी मागणारं गिऱ्हाईक नसतं, गिऱ्हाईक आणणारं असतं. मग भाव चढवूनच सुरू करायचा. त्यातून तुम्हाला थोडं उतरवताही येतं, आणि तुमचंही निघतं. तुम्ही छान करता हं. आशाबेनसारखंच, एक पाय चपलेत."

बाहेर जमनाबाई भज्यांच्या गाडीवर उभी होती. "रोहिणी, ये, गरम आहेत!"

रोहिणी गेली. भजं खाल्लं. ते कसं लागलं ते तिला सांगता आलं नसतं. परतीच्या गाडीत रिना तिच्या खांद्यावर डोकं टेकून झोपली, आणि जमनाबाईने गाठोडं सोडून एकेक साडी शेजारच्या अनोळखी बाईला दाखवली. "ही पोरगी होती म्हणून एवढ्यात मिळालं, नाहीतर आम्हाला कोण देतं?" अनोळखी बाईने रोहिणीकडे कौतुकाने बघितलं. रोहिणी खिडकीबाहेर बघत राहिली. मुठीतल्या नोटा घामाने भिजल्या होत्या.

मावशी नंदुरबारहून परतली होती, ओट्यावर बसून कुपनं लावत होती. रोहिणीने नोटा डब्याशेजारी ठेवल्या.

"हाई काय शे?"

"नेहलभाभीनी दिधं. मी माठनं पानी मांगं."

मावशीचा हात थांबला. एकच क्षण. मग ती हसली, नेहमीसारखी, गालाला खळी पडणारी. "मंग ठेई ले ना. पहिली कमाई शे तुन्ही. देवफुढे ठेव."

रोहिणीला वाटलं होतं, मावशी म्हणेल, हे खोटं आहे. म्हणेल, ती नवी सून, तिला काय कळतं. किंवा निदान तिचा चेहरा तरी पडेल. कमाई?

"मावशी, जमनाकाकू ऊस तोडीसन उनी. तिन्हा पैसा शेतस हाई."

"मंग मी काय चोरी करी का?" मावशीने कुपनांना रबर लावलं. "दिवसभर लोकेससंगे हिंडस मी. पाय दुखतस, उपाशी ऱ्हास. कोनी इचारस का, आशाबाई, तुले काय देऊ? भाऊ, बहीन करीसन फुकटमा वापरतस सगळा. दुकानदार देस, मी लेस. सगळा बाजार असाच चालस वं, बयडी."

"पन तू तर भाव उतारस!"

"उतारस ना. लोक हसत घर जातस का नही?"

"आईना साड्या?" रोहिणीचा आवाज परत गेल्या वर्षीसारखा झाला, घशात अडकणारा. "आईसंगे जास तवय भी पानी पेस तू?"

मावशीने डब्याचं झाकण लावलं, ते नीट बसलं नाही, पुन्हा लावलं. मग म्हणाली, "तुन्हा पिवळा ड्रेस. माइक धरीसन उभी व्हतीस ना तो घालीसन? तुन्हा बापनी लिधा का तो? कोठून उना, इचारं का कधी?"

रोहिणीने नोटा परत मुठीत घेतल्या आणि उठली. दोन्ही चपला घातल्या आणि निघाली. मावशीने मागून हाक मारली नाही.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिने रिनाला हातपंपाच्या मागे नेलं आणि सगळं सांगितलं. नोटा पुढे केल्या.

"म्हणजे तू भांडत होतीस ते नाटक होतं?"

"मला माहीत नव्हतं ना! विद्या शप्पथ! मला वाटलं मी खरंच—"

"आणि आम्ही टाळ्या वाजवायच्या बाकी होतो." रिनाने नोटा घेतल्या नाहीत. "आईने आणि बाबांनी दिवाळीपासून तंबूत राहून तोडलाय ऊस. मला नको देऊस. मी आईला सांगणार पण नाही. तू सांग. बोलता येतं ना तुला आता?"

सुट्टीनंतरच्या हजेरीला रिना दुसऱ्या बाकावर बसली होती.

सांगायचं ठरवलं, पण सांगणार कशी? जमनाबाई गावाला गेलेली. आणि आठ दिवसांनी, बाजारच्या दिवशी, ती लग्नाची साडी घ्यायला खाली आली ती थेट आशामावशीला भेटून. जमनाबाईचा निरोप आला म्हणून रोहिणी दप्तरासकट स्टेशनवर पोचली तेव्हा मावशी पदर खोचून बाकावर बसलेली, शेजारी जमनाबाई आणि रिना. "तुझी मावशी मोकळी होती आज," जमनाबाई आनंदाने म्हणाली, "म्हटलं, लग्नाची साडी आहे, दोघी असल्या तर बरं." मावशी रोहिणीकडे न बघता म्हणाली, "उनी का? चाल." जसं काही घडलंच नव्हतं.

रिनाने रोहिणीकडे एकदा बघितलं. बस, एकदाच.

दुकानात आज शेठ स्वतः होते. गादीवर चौघी बसल्या. उन्हातून आल्याने सगळ्यांचे घसे कोरडे. नेहलने जग पुढे केला, मावशीचा हात तो बाजूला सारायला उचलला गेला, आणि शेठच हसून म्हणाले, "आशाबेन जग कुठे घेतात! नेहल, आतून माठाचं आण."

"नको शेठ," रोहिणी म्हणाली.

तिने दप्तरातून आपली शाळेची बाटली काढली. झाकण उघडलं आणि मावशीच्या हातात दिली. "मावशी घरचं पाणी पिईल आज. आम्ही सगळ्या घरचंच पाणी पिणार."

शेठच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, फक्त डोळे मावशीकडे वळले. मावशीने बाटली हातात धरली होती. सगळी तिच्याकडे बघत होती, आणि का बघताहेत ते जमनाबाई सोडून सगळ्यांना माहीत होतं. रोहिणीला वाटलं, आता मावशी बाटली ठेवेल आणि म्हणेल, पोरगी येडी आहे, आणा माठाचं. मावशीने बाटली तोंडाला लावली. बराच वेळ प्यायली.

शेठनी हिरव्या काठाची लाल साडी उलगडली आणि भाव सांगितला. रोहिणीने ऐकला. घासाघीस नाही, रुसणं नाही, एक पायही चपलेत नाही, आणि मागच्या वेळी भांडून भांडून मिळवलेल्या सुती साड्यांच्या मानाने ही जरीची साडी जवळजवळ फुकट होती.

"पाहिलंस?" जमनाबाई हरखून म्हणाली. "आशाबाई नुसती बसली तरी स्वस्त पडलं!"

रिना साडीच्या काठाकडे बघत होती.

"काकू," रोहिणी म्हणाली, "स्वस्त नाही पडलं. हाच भाव आहे." आणि तिथेच, गादीवर, शेठ, नेहल आणि मावशीच्या देखत, तिने सांगितलं. माठाचं पाणी मागितलं की काय होतं, मागच्या वेळी तिच्या मुठीत काय आलं, सगळं. माइकवरच्यासारखं मुळीच नाही, अडखळत, मधेच नाक ओढत. शेवटी नोटा काढून जमनाबाईसमोर ठेवल्या. हाताळून हाताळून त्यांचा लगदा व्हायचा बाकी होता.

शेठ ठाणाची घडी घालायला लागले.

जमनाबाईने नोटा उचलल्या. साडीचे पैसे दिले. मग त्याच चुरगळलेल्या नोटांतली एक वेगळी काढून मावशीसमोर धरली.

"आशाबाई, तुमचा दिवस मोडला. मला सांगितलं असतं तर मी दिलेच असते. आमच्यात कुणाला संगती नेलं तर त्याला उपाशी नाही ठेवत."

मावशीने नोट घेतली नाही. उठली, दोन्ही चपला घातल्या आणि बाहेर गेली.

गाडीत ती समोरच्याच बाकावर होती, पण खिडकीकडे तोंड करून. चिंचपाडा आलं तेव्हा रिनाने पिशवीतून शेंगा काढल्या आणि एक मूठ रोहिणीच्या ओंजळीत टाकली. जमनाबाईने दुसरी मूठ मावशीपुढे केली. मावशीने मानेनेच नको म्हटलं.

घरी आईने विचारलं, "कितीले पडनी साडी?" रोहिणीने सांगितलं. आई थक्क झाली. "आशा व्हती ना संगे!" ती म्हणाली, आणि रोहिणी आईच्या अंगावरच्या निळ्या साडीकडे बघत राहिली. गेल्या दिवाळीची. मावशीबरोबर जाऊन घेतलेली. ते मात्र तिच्याने सांगवलं नाही, त्या दिवशी तरी.

पेटीच्या तळाशी लाल फ्रॉक अजून होता, पांढरी झालर पिवळी पडलेली. तिने तो मांडीवर घेतला आणि डोळे मिटून ते दुकान आठवायचा प्रयत्न केला. मावशीने दोन बोटांनी फ्रॉक उचलला होता, ते दिसलं. एका चपलेतला पाय दिसला. "आशाबेन, अरे बसा तर खरं!" ऐकू आलं. गाडीतला मावशीच्या तोंडाचा बडीशेपेचा वास, कानाशी आलेला तिचा हसरा आवाज, सगळं आलं.

फक्त त्याच्या आधीचं आठवेना. गादीवर बसल्या बसल्या, भाव विचारायच्या आधी, मावशीने त्या दिवशी पाणी मागितलं होतं का? तिने खूप ताण दिला. कधी हातात तांब्या दिसायचा, कधी दिसायचा नाही.